परदेशातून परतलेलं ज्ञान: नागपूरचा दीडशे वर्षांचा अनुभव

नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांमधून दरवर्षी शेकडो मुलंमुली बाहेर पडतात. कुणी पुण्या-बंगळूरला जातात, कुणी थेट अमेरिका नाहीतर जर्मनी गाठतात. मग नातेवाईक, शेजारी, जुने शिक्षक सगळे एकच विचारतात: परत येणार की तिकडेच राहणार? प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा क्वचितच कुणी विचारतं. परदेशात शिकून किंवा काम करून माणूस परतला, तर इथल्या उद्योगात त्यामुळे नवं काही घडतं का? घडत असेल तर ते कशानं घडतं, आणि घडत नसेल तर कुठे अडतं?

याची उत्तरं शोधायला सिलिकॉन व्हॅलीपर्यंत जाण्याची गरज नाही. गांधीसागर तलावाशेजारची गिरणीची जागा आणि सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, नागपूरच्या या दोन ठिकाणांनी दोन्ही बाजू दाखवून दिल्या आहेत. एका ठिकाणी परदेशातून आलेलं ज्ञान लगेच कामाला लागलं. दुसऱ्या ठिकाणी ते कित्येक वर्षं भिंतीवर टांगलेलं राहिलं.

लँकेशायरहून जुम्मा तलावापर्यंत

जमशेटजी टाटा १८६४ च्या अखेरीस लंडनला गेले, ते गिरणी काढायला नव्हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि त्या जोरावर लंडनमध्ये पेढी उघडण्याचा बेत होता. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि बेत बारगळला. मात्र त्या मुक्कामात त्यांनी लँकेशायरचा कापडधंदा जवळून पाहिला. मुंबईत परतल्यावर चिंचपोकळीची एक तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली, चालवली आणि विकून टाकली. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुन्हा इंग्लंडला गेले, आणि या खेपेला काय पाहायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. कापूस कुठून येतो, सूत कसं निघतं, कापड कोण घेतं, खर्च कुठे वाचतो, हे सगळं एका गिरणीचा हिशेब मनात ठेवून त्यांनी पाहिलं.

परतल्यावरचा त्यांचा पहिला मोठा निर्णय मुंबईच्या व्यापाऱ्यांना चक्रावून टाकणारा होता. गिरण्या मुंबईतच निघायच्या, तिथेच भांडवल होतं, बंदर होतं. जमशेटजींनी निवडलं नागपूर. वऱ्हाडचा कापूस इथे हाताशी होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, १८६७ मध्ये रेल्वे येऊन पोहोचली होती आणि कापडाची बाजारपेठही याच टापूत होती. लँकेशायर मोठं झालं ते कोळसा, बंदर आणि बाजार यांच्या जवळिकीमुळे. जमशेटजींनी तिथून हा विचार उचलला. तिथला नकाशा त्यांनी इथे जसाच्या तसा ठेवून दिला नाही. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची पाणथळ जमीन भरून गिरणी बांधली गेली आणि १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं गेलं. त्यावरून गिरणीला एम्प्रेस मिल हे नाव पडलं.

या गिरणीचा मॅनेजर कोण होता, ते पाहण्यासारखं आहे. बेझनजी दादाभाई मेहता हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या माल विभागातले अधिकारी. सूत आणि कापड यांतलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, पण माणसं, माल आणि वेळ सांभाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. यंत्रांची बाजू सांभाळायला जेम्स ब्रुक्सबी हा इंग्रज तंत्रज्ञ होता. बाहेरचं पाहून आलेला मालक, तंत्र जाणणारा परका माणूस आणि इथली नस ओळखणारा व्यवस्थापक असं हे त्रिकूट होतं. पुढे या गिरणीत जे नवं घडलं, ते या तिघांच्या मेळातून घडलं.

साचा का बदलला?

सुरुवातीला गिरणीत सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग होते. चात्यांपैकी निम्म्याच्या आसपास म्यूल जातीच्या होत्या, बाकीच्या थ्रॉसल या जुन्या साच्याच्या. म्यूल हा लँकेशायरचा लाडका साचा. त्यात चात्यांचा गाडा पुढे सरकतो, पेळू ताणला जातो आणि त्याला पीळ बसतो. मग गाडा मागे येतो आणि तयार झालेलं सूत चातीवर गुंडाळलं जातं. म्हणजे पीळ आणि गुंडाळणी ही दोन कामं आळीपाळीनं होतात. बारीक, मऊ सुतासाठी हा साचा उत्तम, पण तो चालवायला वर्षानुवर्षं हात बसलेला कारागीर लागतो.

त्या काळात अमेरिकेत रिंग साच्याचा प्रसार होत होता. त्याची करामत लहानशा कडीत आहे. चातीभोवती एक गोल पोलादी रिंग असते आणि त्या रिंगच्या काठावर तारेची एवढीशी कडी बसवलेली असते. चाती फिरली की सूत त्या कडीला ओढत फिरवतं. कडी चातीपेक्षा किंचित मागे पडते, त्यामुळे सुताला पीळ बसता बसताच ते बॉबिनवर गुंडाळलंही जातं. गाड्याची ये-जा संपली, थांबणं संपलं. काम अखंड चालतं, जागा कमी लागते आणि कामगाराला ते थोड्या दिवसांत शिकता येतं. उणं एवढंच, की सुतावर ताण जास्त येतो. म्हणून फार बारीक सुतापेक्षा जाड आणि मध्यम सुताला ही पद्धत अधिक मानवते.

लँकेशायरच्या गिरणीमालकांनी रिंगकडे बराच काळ संशयानं पाहिलं, आणि त्यांच्या जागी राहून विचार केला तर ते चुकीचं नव्हतं. त्यांच्याकडे पिढीजात म्यूल चालवणारे होते आणि त्यांची कमाई बारीक सुतावर होती. नागपूरचं गणित उलटं होतं. इथे म्यूलवर हात बसलेले कारागीर नव्हते, शेतातून थेट गिरणीत आलेली माणसं होती. इथला कापूस आखूड धाग्याचा होता आणि मागणी जाड सुताची होती. १८८३ च्या सुमारास एम्प्रेस मिलमध्ये रिंग साच्यांची चाचणी सुरू झाली. ब्रुक्सबीनं वेग, ताण आणि कापसाचा मेळ बसवत प्रयोग केले आणि ते जमत गेले तसे गिरणीत रिंग साचे वाढत गेले. हिंदुस्थानातल्या रिंग कताईच्या अगदी पहिल्या प्रयोगांत नागपूरचं नाव लागतं ते यामुळे.

परदेश पाहून आलेल्या माणसाला नक्कल करायची सवय असती, तर नागपुरात म्यूलच वाढले असते. इंग्लंड म्हणजे कापडधंद्याचा गुरू, आणि गुरूच्या घरी म्यूल होते. गुरूनं एखादी गोष्ट का निवडली हे ज्याला कळतं, त्यालाच आपली निवड वेगळी ठेवण्याचं धाडस होतं. परदेशच्या अनुभवाचं खरं मोल इथे आहे. कारण कळलं की परिस्थिती बदलल्यावर निर्णयही बदलता येतो.

नागपूरचा उन्हाळा आणि कामगाराची हजेरी

लँकेशायरला एक देणगी फुकट मिळाली होती: दमट हवा. कापसाच्या तंतूत थोडा ओलावा असला की तो लवचीक राहतो. हवा कोरडी झाली की तंतू ठिसूळ होतात, एकमेकांना धरत नाहीत आणि सूत वारंवार तुटतं. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत काय होत असेल, हे इथल्या माणसाला सांगायला नको. इंग्लंडच्या गिरणीत जो प्रश्न फारसा पडतच नव्हता, तो नागपुरात रोज समोर उभा होता. एम्प्रेस मिलनं हवेत दमटपणा आणणारी यंत्रं, वायुविजनाची सोय आणि आग विझवणारे स्वयंचलित फवारे बसवले. त्या काळच्या हिंदुस्थानात ही नवलाई होती.

दुसरा प्रश्न माणसांचा होता. शेतीच्या वेळापत्रकात वाढलेला कामगार सण, लग्न किंवा पेरणी आली की गिरणीकडे फिरकत नसे. इंग्रजी पद्धतीचं उत्तर म्हणजे दंड. जमशेटजी आणि बेझनजी यांनी दुसरी वाट धरली. चांगल्या कामासाठी बक्षिसं सुरू झाली, १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्या कामगारांना भरपाई मिळू लागली. कामगारांना भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थानात १९२३ मध्ये झाला, म्हणजे गिरणीनंतर जवळजवळ तीन दशकांनी. नवं यंत्र आणणं हा नवोपक्रमाचा एक भाग असतो. ते यंत्र ज्या माणसांच्या हातून चालणार, त्यांच्याशी असलेलं नातं नव्यानं बांधणं हा दुसरा भाग, आणि तो बहुधा जास्त कठीण असतो.

जमशेटजींनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. १८९२ मध्ये त्यांनी हुशार हिंदी विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवण्याची योजना सुरू केली. ते दान नव्हतं, कर्ज होतं. विद्यार्थी कमावता झाला की पैसे परत यायचे आणि त्याच पैशातून पुढचा विद्यार्थी जायचा.

भिंतीवरचा नकाशा

आता दुसरी बाजू. प्रमथनाथ बोस हे बंगालचे. १८७४ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले, लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये भूशास्त्र शिकले आणि १८८० मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात रुजू झाले. वरच्या श्रेणीत हिंदी माणूस दुर्मिळ असण्याचा तो काळ. बोसांनी मध्य प्रांतात पायी फिरून सर्वेक्षण केलं. १८८७ मध्ये त्यांनी दल्ली-राजहरा भागातल्या लोहखनिजाची नोंद प्रसिद्ध केली. ही ठिकाणं तेव्हा मध्य प्रांतात होती आणि मध्य प्रांताची राजधानी नागपूर. सर्वेक्षणाची माहिती अहवालात गेली, नकाशावर चढली, आणि तिथेच थांबली.

जमशेटजींना पोलादाचा ध्यास १८८२ पासूनच लागला होता. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडावरचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती पडला होता. पण वरोऱ्याच्या कोळशापासून भट्टीला लागतो तसा कोक होत नव्हता. वीस वर्षांनी, १९०३ मध्ये, त्यांचा मुलगा दोराबजी अमेरिकी भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांच्याबरोबर पुन्हा चांद्यात खनिज शोधत हिंडला. तिथे कारखान्याजोगं खनिज सापडेना. आता बेत सोडतो आहोत, हे सांगायला दोराबजी नागपूरला आले. चीफ सेक्रेटरी भेटायला थोडा वेळ होता, तेवढ्यात ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे १८६३ पासून नागपुरात असलेल्या अजब बंगल्यात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा टांगलेला होता, आणि दुर्गच्या भागात लोखंड दाखवणारा गडद रंग होता.

दोराबजी आणि वेल्ड लगोलग तिकडे गेले. खनिज उत्तम निघालं, पण जवळ योग्य कोळसा आणि पुरेसं पाणी नव्हतं, म्हणून कारखाना तिथे झाला नाही. मात्र पोलादाचा सोडून दिलेला बेत पुन्हा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी खुद्द बोसांनी जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंज संस्थानातल्या लोहखनिजाची खबर दिली. तिथूनच १९०७ मध्ये टाटा पोलाद कंपनी निघाली. दल्ली-राजहऱ्याचं खनिजही वाया गेलं नाही. स्वातंत्र्यानंतर त्याच्याच आधारावर भिलाईचा कारखाना उभा राहिला.

ही गोष्ट योगायोगाची म्हणून सांगितली जाते. तिच्यातला आकडा मात्र बोचणारा आहे. १८८७ ते १९०३ म्हणजे सोळा वर्षं. लंडनला शिकून परतलेल्या माणसानं आपलं काम चोख केलं होतं, पण त्याचं ज्ञान वापरणारं कुणी त्या खात्यात नव्हतं. सर्वेक्षण एका खोलीत, भांडवल दुसऱ्या गावात, आणि दोघांची गाठ घालून देणारी व्यवस्थाच नाही. त्यातच १९०३ मध्ये बोसांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याला वर चढवलं गेलं आणि बोसांनी नोकरी सोडली. मयूरभंजचं पत्र त्यांनी लिहिलं ते त्यानंतर, म्हणजे जिथे त्यांच्या शब्दाला वजन होतं अशा ठिकाणी गेल्यावर.

जमीन तयार असेल तर

वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थल या अभ्यासकांनी १९९० मध्ये एक कल्पना मांडली, ती आज जगभर शिकवली जाते. बाहेरचं ज्ञान कितीही चांगलं असो, ते ओळखून, पचवून, कामात आणण्याची क्षमता संस्थेत आधीपासून असावी लागते. ती क्षमता विकत मिळत नाही, आपण स्वतः संशोधन आणि प्रयोग करत राहिलो तरच येते. विदर्भातला संत्रा उत्पादक हे न शिकवताही जाणतो. कलम नागपुरी संत्र्याचं असतं, पण ते बांधलं जातं जंबेरीच्या खुंटावर. खुंट या मातीत मुरलेला नसेल तर कलम तग धरत नाही.

जपानमध्येही हेच दिसतं. यामानोबे ताकेओ हा तरुण लंडनला शिकत होता. शिबुसावा एइइची या उद्योजकानं त्याला गिरणीचं तंत्र शिकून यायला सांगितलं. तो लँकेशायरच्या गिरणीत राबला आणि परतल्यावर ओसाकाची कताई गिरणी १८८३ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षाच्या आसपास नागपुरात रिंगची चाचणी चालू होती. जपानमध्ये माणूस परतण्याआधीच त्याची गरज ओळखलेली होती, भांडवल ठरलेलं होतं.

महाराष्ट्रात तळेगावचं उदाहरण असंच आहे. वर्षाला एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. कारखाना आणि शाळा एकाच छपराखाली होती. तिथे तयार झालेली मुलं पुढे काच कारखान्यांत पसरली. परतलेला माणूस एका कारखान्यापुरता राहिला तर लाभ तेवढाच. त्याच्या हाताखाली दहा जण शिकले, तर तो माणूस निघून गेला तरी उद्योग मागे राहतो.

आजचं नागपूर

१९९० मध्ये आनंद देशपांडे अमेरिकेतून परतले. इंडियाना विद्यापीठात डेटाबेसवर पीएचडी आणि पालो अल्टोच्या एचपी लॅब्जमधली नोकरी गाठीशी होती. त्यांनी पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली. कंपनीचा पायाच डेटाबेसमधल्या त्यांच्या कामावर होता आणि सुरुवातीचे ग्राहकही त्या क्षेत्रातले होते. नागपूरच्या आयटी पार्कमध्ये आज पर्सिस्टंटचं मोठं केंद्र आहे. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत जमलेली समज पुण्यामार्गे नागपूरच्या पोरापोरींच्या हाती आली, ती अशी.

नागपूर विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पाची कथा थोडी वेगळी. एअर इंडियानं ६८ बोइंग विमानांची मागणी नोंदवली, त्या व्यवहारातून नागपूरला विमान देखभाल केंद्र आलं. त्या वर्षांत बोइंगच्या भारतातल्या कारभाराचा चेहरा होते दिनेश केसकर, नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकलेले आणि पुढे अमेरिकेत एरोस्पेसमध्ये डॉक्टरेट केलेले. ते कायमचे परतले नव्हते. अमेरिका आणि भारत असं दोन्हीकडे पाय ठेवून काम करत होते. अभ्यासक ॲनाली सॅक्सेनियन यांनी अशाच माणसांवर २००६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते बुद्धी फक्त बाहेर जात नाही, ती फिरत राहते, आणि फिरताना दोन देशांच्या उद्योगांना जोडते. मिहानमध्येच टाटांच्या टाल कंपनीनं बोइंग ७८७ च्या केबिनच्या फरशीखालचे कंपोझिट तुळईवजा भाग बनवायला घेतले. विमानाच्या अशा भागात धाग्याची दिशा, तापमान, दाब यांत जराही चूक चालत नाही. ही शिस्त एकदा अंगवळणी पडली, की ती कामगाराबरोबर शहरातल्या दुसऱ्या कारखान्यातही जाते.

तैवानचं उदाहरण यात मोलाचं आहे. मॉरिस चँग अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये दोन तपांहून जास्त काळ राबून १९८५ मध्ये तैवानला आले आणि दोन वर्षांत टीएसएमसी उभी राहिली, हे सगळे सांगतात. त्याआधीची दहा वर्षं कमी सांगितली जातात. १९७६ मध्येच तैवाननं आपले अभियंते आरसीए कंपनीत चिप बनवायला शिकायला पाठवले होते, १९८० मध्ये शिंचूचं विज्ञान उद्यान उघडलं होतं. चँग आले तेव्हा त्यांचं बोलणं समजणारी माणसं तिथे आधीच होती.

नागपूरनं काय करावं?

नागपूरला आज परतणाऱ्यांची वानवा आहे, हे खरं. पण त्याहून मोठी वानवा त्यांना सामावून घेणाऱ्या जागांची आहे. परदेशात दहा-पंधरा वर्षं काम केलेला अभियंता हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात आला, तर त्याला बहुधा एखादं विभागप्रमुखपद मिळतं आणि रोजच्या उत्पादनाची कटकट मिळते. चाचणीसाठी दोन यंत्रं बाजूला काढून देणारा मालक, अपयशाचे सहा महिने सोसणारं अंदाजपत्रक आणि कामगारांशी त्याची गाठ घालून देणारा अनुभवी व्यवस्थापक, हे तिन्ही मिळालं तर नवं काही घडेल. नाहीतर तो वर्षा-दोन वर्षांत पुन्हा पुणे किंवा परदेश गाठेल.

या कामाची सामग्री शहरात आहे. व्हीएनआयटी आहे, १९४२ पासून रसायन तंत्रज्ञान शिकवणारी लक्ष्मीनारायण संस्था आहे, पर्यावरण संशोधनाची नीरी आहे, कापूस संशोधन संस्था आहे. त्यांच्या अहवालांत काय आहे, हे कारखानदाराला माहीत असतं का? आणि कारखानदाराला काय अडतंय, हे संशोधकाला कोण सांगतं? या दोघांना नियमित एका टेबलाशी बसवणं हे काम उद्योग संघटनांना उद्यापासून करता येईल. त्यासाठी कुणाच्या परतण्याची वाट पाहावी लागत नाही. ते झालं नाही, तर बोसांच्या सोळा वर्षांसारखी वर्षं आजही वाया जात राहतील.

एम्प्रेस मिलचा शेवटही विसरता येणार नाही. काळाबरोबर यंत्रं आणि विचार दोन्ही जुने होत गेले. १९८६ मध्ये गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये कायमची बंद झाली आणि हजारो घरांची चूल विझली. बाहेरून आणलेलं ज्ञान एकदा रुजलं म्हणजे कायमचं पुरतं, असं नाही. ते पुन्हा पुन्हा आणावं लागतं आणि दर वेळी इथल्या हवेत, इथल्या हातांनी तपासून घ्यावं लागतं.

मुलं परत येतील का, याची चिंता नागपूरनं जरूर करावी. पण त्याआधी आपल्या कारखान्यांत, संस्थांत आणि कार्यालयांत बेझनजी मेहतांसारखी माणसं तयार करावीत. ती असतील, तर परतणाऱ्याला यावंसं वाटेल, आणि आल्यावर त्याच्या हातून काही उभंही राहील.